साधी सर्दी, पण कुणाची?

गेल्या पावसाळ्यात घाटकोपरच्या आमच्या चाळीतले एक काका खोकू लागले. ताप नव्हता. "मेडिकलमधून गोळी आणलीय, उतरेल," म्हणाले. पण काकांना चार वर्षांपूर्वी त्यांच्या बहिणीने आपली एक किडनी दिलेली. आम्ही कारकुनी करणारी माणसे, डॉक्टर नव्हे. तरी रिक्षा केली आणि त्यांना किडनीच्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी नाका-घशातला नमुना घेतला आणि अहवालाची वाट न पाहता औषधही सुरू केले. दुसऱ्या दिवशी फ्लू निघाला. काका आज ठणठणीत आहेत.

मग ताप का नव्हता? दुसऱ्याचा अवयव शरीराने नाकारू नये म्हणून अशा रुग्णाला कायम गोळ्या घ्याव्या लागतात. त्या शरीराची लढण्याची शक्ती दाबतात. ताप ही त्या लढाईचीच खूण. लढाई मंद, म्हणून ताप कमी. विषाणू मात्र फुप्फुसात उतरू शकतो.

फ्लू, कोरोना, आरएसव्ही हे नुसत्या खोकल्यावरून ओळखता येत नाहीत. त्यासाठी आरटी-पीसीआर तपासणी लागते. झटपट किटवर 'निगेटिव्ह' आले तरी निर्धास्त राहू नये. फ्लूवरचे ऑसेल्टामिविर पहिल्या ४८ तासांत सुरू झाले तर अधिक गुण येतो.

३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला आणि मुंबईत कस्तुरबा रुग्णालयापुढे रांगा लागल्या. तेव्हा सरकारने रुग्णांचे अ, ब, क गट केले. सौम्य आजाराला तपासणी नाही, जोखमीच्या माणसाला तपासणीवाचून औषध, गंभीर असेल तर भरती आणि तपासणी. साथीत तपासणी सर्वांना पुरत नाही. म्हणून अवयव बदललेल्या माणसाने रांगेत गप्प उभे राहू नये. केसपेपर काढतानाच सांगावे, "माझी किडनी बदललेली आहे."

घरच्यांनी एवढे पाळावे: खोकणाऱ्याने मास्क लावून दूर झोपावे. फ्लूची लस घरातल्या सर्वांनी दरवर्षी घ्यावी; रुग्णाने डॉक्टरांना विचारून घ्यावी. नेहमीच्या गोळ्या मनाने बंद करू नयेत आणि मेडिकलची अंगदुखीची गोळीही विचारल्याशिवाय देऊ नये; काही गोळ्या किडनीला बाधतात.

बहिणीने पोटातले काढून दिले आहे. एका सर्दीपायी ते गमावू नका.