पाळणा ‘लागतो’ तेव्हा

‘लागणे’ हे मराठीतील मोठे अर्थवाही क्रियापद आहे. ऊन लागते, ठेच लागते, दृष्ट लागते. त्याच न्यायाने समुद्रकाठच्या माणसाला बोट लागते आणि समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या मराठवाड्यात गाडी लागते. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करीत लातूरला जाणाऱ्या एसटीत खिडकीची जागा कोणाला सोडावी, हा प्रश्न या एका शब्दावर बिनतक्रार सुटतो. या शब्दयोजनेत एक सुप्त न्याय आहे. लागते ती गाडी. प्रवाशाचा त्यात काही अपराध नाही. जत्रेतील पाळण्यांना मात्र हा न्याय कोणी लावीत नाही. तेथे उतरलेले पोर कोपऱ्यात बसून ओकू लागले, की ‘पाळणा लागला’ असे न म्हणता ‘पोराला चक्कर आली’ असे म्हणतात, आणि पुढच्याच वाक्यात त्याला भित्रे ठरवून मोकळे होतात. दोष यंत्राकडून मुलाकडे सरकतो तो असा, व्याकरणाच्या वाटेने.

मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला सुरू होणारी माळेगावची खंडोबाची यात्रा आणि महाशिवरात्रीला भरणारी लातूरची सिद्धेश्वराची यात्रा, ही या दोन जिल्ह्यांची मोठी आनंदस्थाने. माळेगाव घोड्यांच्या, उंटांच्या, गाढवांच्या बाजारासाठी दूरवर ओळखले जाते. परंतु लहान मुलांच्या लेखी यात्रा म्हणजे पाळणा. पूर्वी चार पेट्यांचा लाकडी पाळणा दोन माणसे हातांनी फिरवीत, आणि त्यांचे हात थकले की फेरा आपोआप संपे. आता विजेच्या मोटारीवर चालणारे ‘ब्रेक डान्स’, ‘टोराटोरा’ असे प्रकार आले आहेत. मोटार थकत नाही. शिवाय येथे चौथरा एका गतीने फिरतो, त्यावरील आसने स्वतःभोवती निराळ्याच गतीने गिरक्या घेतात, आणि पुढचा हिसका कोणत्या बाजूने बसणार याचा अंदाज बसणाऱ्याला येत नाही. भोवळीचे निम्मे कारण या न येणाऱ्या अंदाजात आहे. गाडी चालविणाऱ्याला गाडी सहसा लागत नाही. ती लागते मागे बसलेल्याला.

उरलेले कारण कानात आहे. आंतरकर्णात एकमेकींशी काटकोनात असलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात व त्यांत द्रव असतो. डोके फिरू लागले, की नलिका फिरते, द्रव मात्र मागे रेंगाळतो. या रेंगाळण्यावरून मेंदूला भ्रमणाची वार्ता मिळते. फिरणे एकाच वेगाने चालू राहिले तर द्रवही काही सेकंदांत त्या वेगाला येतो आणि वार्ता थांबते. पाळणा थांबला, की नलिका थांबते, पण द्रव पुढे धावत राहतो. म्हणून जमिनीवर पाय टेकल्यावर सारे जग उलट दिशेने फिरू लागते. फिरत्या आसनात बसून मान खाली वा बाजूला वळविली, तर तिन्ही नलिकांत परस्परविसंगत खळबळ होते. डोळे एक सांगतात, कान दुसरे, स्नायू तिसरे. या विसंवादातून मळमळ उद्भवते, हा विचार रीझन आणि ब्रँड यांनी १९७५ साली आपल्या ग्रंथात साधार मांडला. रात्रीच्या जत्रेत तर नजर टेकवावी असे स्थिर क्षितिजही नसते. असते ती केवळ उघडझाप करणारी रंगीत दिव्यांची माळ.

पोटाने यात का पडावे, याचे उत्तर ट्रीझमन यांनी १९७७ साली सुचविले. इंद्रियांच्या साक्षी एकमेकींशी जुळेनाशा झाल्या, की मेंदू त्याचा अर्थ ‘विषबाधा झाली’ असा करतो आणि पोट रिकामे करण्याचा हुकूम सोडतो. हे अनुमानच आहे, परंतु मोठे चतुर. भित्रेपणाच्या आरोपाचा निकाल मात्र त्याच्याही पुष्कळ आधी लागलेला होता. विल्यम जेम्स यांनी १८८२ मध्ये पाचशेहून अधिक कर्णबधिरांची पाहणी प्रसिद्ध केली. गरगर फिरविल्यावर त्यांपैकी १८६ जणांना मुळीच भोवळ आली नव्हती. हार्वर्डच्या सुमारे दोनशे विद्यार्थी-अध्यापकांत मात्र भोवळीपासून मुक्त असा अवघा एक निघाला. म्हणजे ज्यांच्या आंतरकर्णाचे हे इंद्रिय निकामी झालेले असते तेच खरे निर्भय! भोवळ येणे हे कान धडधाकट असल्याचे प्रमाणपत्र आहे. दोन ते बारा वर्षांच्या वयात ही संवेदनशीलता विशेष असते, अर्धशिशीचा त्रास असणाऱ्यांत ती अधिक आढळते, आणि धैर्याशी तिचा संबंध नाही. १९८४ साली अंतराळात गेलेल्या राकेश शर्मा यांनी तेथे योगासनांचे प्रयोग केले, ते भारहीन अवस्थेतील अशाच त्रासावर त्यांचा काही उपयोग होतो का, हे पाहण्यासाठी. निवडून, पारखून घेतलेल्या अंतराळवीरांपैकी अर्ध्याहून अधिक जणांना पहिले काही दिवस मळमळ होते. लोह्याच्या चौथीतील मुलाने लाजावे असे यात काय आहे?

प्रश्न लाजेपाशी संपत नाही. तो वेगाचा आहे, आणि वेग मुलाच्या हाती नसतो. पाच मीटर त्रिज्येचा पाळणा मिनिटाला १० फेरे घेत असेल, तर बाहेर फेकला जात असल्याची जी जाणीव बसणाऱ्याला होते, तिचा जोर त्याच्या वजनाच्या निम्म्याहून थोडा अधिक असतो. तेच फेरे १४ केले, की जोर वजनाच्याही थोडा वर जातो. फेऱ्यांत भर पडली चारांची, जोर झाला जवळजवळ दुप्पट. कारण तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अकरावीच्या विद्यार्थ्याला हे गणित फळ्यावर सोडविता येते. पाळण्याचा खटका ज्याच्या हाती, त्याला मात्र ते कोणी विचारीत नाही. गर्दीने आरोळ्या ठोकल्या, की तो वेग वाढवितो.

येथे एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात घ्यावी लागेल. फिरत्या चौथऱ्यावरून तिकिटे गोळा करीत सहज चालणारे कामगार जत्रेत नेहमी दिसतात. त्यांना चक्कर येत नाही. रोजच्या सवयीने त्यांच्या मेंदूने तो विसंवाद पचविलेला असतो. वेग किती सोसवेल, हे ठरविणारा माणूस असा की, ज्याला स्वतःला तो जाणवणे बंद झाले आहे. यात त्या कामगाराला दुष्ट ठरविण्याचे कारण नाही. गावोगाव तंबू हलविणारी, पावसाळ्यात बेकार होणारी ही माणसे; हंगामाच्या दिवसांत जितके फेरे तितकी कमाई. परंतु म्हणूनच मर्यादा त्याच्या अंदाजावर सोडता येत नाही. ध्वनिवर्धकावर गाणे चालू असता वर बसलेल्या मुलाची ‘थांबवा’ ही हाक खाली पोहोचत नाही. घाबरलेले, ओकारी आवरू न शकणारे पोर दांड्याखालून सुटून उभे राहू पाहते, तेव्हा मळमळीचा प्रश्न जिवाचा होतो.

घरगुती उपाय पालकांना माहीत असतात, पण अर्धवट. वेळअमावस्येच्या दिवसांत भज्जी-आंबिलीचे भरपेट जेवण करून थेट आसनात बसणे टाळलेले बरे. मान पाठीशी टेकवून स्थिर ठेवावी. घराघरांत ठाऊक असलेली अॅव्होमिनची गोळी आधी घ्यावी लागते. मळमळ सुरू झाल्यावर ती फारशी कामाची नाही. शिवाय तिने झोप येते, हे विसरून ती घेणारा बाप त्याच रात्री दुचाकीवर तिघांना बसवून गावी निघतो, हे पाळण्याहून अधिक धोक्याचे आहे. आल्याविषयी १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये फिरत्या खुर्चीवरील प्रयोग प्रसिद्ध झाला आणि आजीबाईंच्या बटव्याला मान मिळाला, पुढच्या सर्वच प्रयोगांनी मात्र तो दुजोरा दिला नाही.

माळेगावच्या यात्रेची व्यवस्था नांदेड जिल्हा परिषद पाहते. परवान्याच्या वेळी सांगाडा आणि विजेची जोडणी तपासणे अगत्याचे आहेच. परंतु सांगाडा भक्कम असला तरी आत बसलेला माणूस हाडामांसाचा असतो. जागा देतानाच मिनिटाला जास्तीत जास्त किती फेरे आणि एक खेळ किती मिनिटांचा, हे लिहून घ्यावे व तिकीटखिडकीवर मराठीत रंगवावे. खटक्याजवळच्या माणसाखेरीज दुसरा एक माणूस केवळ बसणाऱ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहण्यासाठी असावा, आणि हात वर झाला की यंत्र थांबलेच पाहिजे. उतरल्यावर निदान मिनिटभर टेकायला कठड्याच्या आत एक बाक हवा. कारण कानातला द्रव स्थिर होईपर्यंत मूल सरळ चालू शकत नाही, आणि बाहेर पडण्याची वाट बहुधा उंच, अरुंद लोखंडी पायऱ्यांची असते.