इसबाचं खापर सुईच्या माथी

सेनगाव तालुक्यातल्या एका लेकुरवाळीनं परवा बाळाच्या लसीचं कार्ड माझ्यासमोर उलगडलं. दीड महिन्याचा रकाना भरलेला, अडीच महिन्यांचा भरलेला, साडेतीन महिन्यांचा कोरा. बाळ सात महिन्यांचं झालंय. दोन्ही गालांवर आणि हातापायांच्या बाहेरच्या बाजूला लाल, खरखरीत चट्टे, मधूनच पाणी सुटलेले. रात्रभर खाजेनं झोप नाही, बाळाला नाही आणि आईलाही नाही. "सुईनं इसब उठला, म्हणून पुढची दिलीच नाही," ती म्हणाली. कुणी सांगितलं? गावात ज्यांच्या शब्दाला वजन आहे अशा एका गृहस्थांनी.

या गृहस्थांचं म्हणणं मी लग्नाच्या मांडवात त्यांच्याच तोंडून ऐकलंय. ते असं: आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी लसी नव्हत्या आणि इसबही नव्हता. लसीत पारा आणि ॲल्युमिनियम असतं. त्यानं रक्तात उष्णता वाढते आणि ती कातडीवाटे फुटते. सुई टोचली आणि पंधरा दिवसांत चट्टा आला, याहून वेगळा पुरावा कशाला हवा? आणि हा सगळा कंपन्यांचा धंदा आहे.

धंद्याचं आधी. उपकेंद्रात बाळाला लस फुकट मिळते. इसबावरची मलमं मात्र दुकानातून विकत घ्यावी लागतात. पारा-ॲल्युमिनियमचं म्हणाल, तर बीसीजीत आणि गोवर-रुबेलाच्या लशीत दोन्ही नसतं. आणि पूर्वी इसब नव्हता म्हणणाऱ्यांनी चरकसंहितेत कुष्ठांच्या यादीतली विचर्चिका वाचावी. नसलेल्या रोगाला कुणी नाव देत नाही.

आता तो पंधरा दिवसांचा पुरावा. त्याच्यावरच हे सगळं उभं आहे, म्हणून तिथं थांबायला हवं.

इसब कधी उठतो? ज्या मुलांना तो होतो, त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांना पहिल्या वर्षातच, आणि पुष्कळदा दुसऱ्या ते सहाव्या महिन्यात. लसी कधी? जन्मल्यावर बीसीजी, पोलिओचे थेंब आणि काविळीची सुई. मग दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना पेंटा, म्हणजे डांग्या खोकल्यासह पाच रोगांवरची एकच सुई. नवव्या महिन्यानंतर गोवर-रुबेला. म्हणजे दीड ते चार महिन्यांमधला कोणताही दिवस घ्या, मागच्या महिन्याभरात एक सुई सापडणारच. तो दिवस चट्ट्याचा असो, पालथं पडण्याचा असो की पहिल्यांदा खुदकन हसण्याचा. हसू मात्र सुईनं आलं असं कुणी म्हणत नाही.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली, असं आपण म्हणतो. इथं गाठ पडायला योगायोगसुद्धा लागत नाही. प्रत्येक फांदीवर कावळा आपणच ठरलेल्या तारखेला नेऊन बसवतो आणि फांद्या मोडण्याचा हंगामही तोच असतो. मग मोडलेल्या प्रत्येक फांदीवर कावळा दिसणार नाही तर काय? त्याच गल्लीत, त्याच अंगणवाडीत, त्याच दिवशी टोचलेली बाकीची बाळं लोण्यासारख्या गालांनी रांगत असतात. त्यांच्याकडे बोट दाखवून "बघा, यांना काही झालं नाही" असं हे गृहस्थ कधी म्हणाले नाहीत. न टोचलेल्या बाळाला चट्टा उठला, तर थंडी बाधली, आईच्या खाण्यात काही आलं, दृष्ट लागली. टोचलेल्याला उठला, तर सुई. चट्टा एकच, पण कारण आधीच ठरलेलं.

याच महिन्यांत बाळाच्या अंगाला आणखी काय काय होतं ते आठवा. कढत पाण्याची आंघोळ, लव जावी म्हणून डाळीच्या पिठानं घासणं, ओवा-लसणाच्या सालींची धुरी, कांजीचे नवे कपडे, आणि हिवाळ्यात जन्मलेल्याला कोरडी बोचरी हवा. यातलं बरंचसं इसबाची कातडी खरोखर चिडवणारं. पण सुईची तारीख कार्डावर लिहिलेली असते. पिठाच्या आंघोळीची तारीख कुठंच लिहिलेली नसते. म्हणून सापडते ती सुई.

खरं ठरवायचं तर टोचलेली आणि न टोचलेली बाळं शेजारी ठेवून बघावी लागतात, आणि ते झालेलं आहे. स्वीडननं १९७९ साली डांग्या खोकल्याची लस थांबवली होती. ती परत आणण्याआधी तिथं चाचणी झाली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवून काही बाळांना डांग्या खोकल्याची लस मिळाली, काहींना फक्त घटसर्प-धनुर्वाताची. आपल्या पेंटात असते तशी अख्ख्या जिवाणूची लसही त्यात होती. त्यांतल्या ६६९ मुलांवर अडीच वर्षांची होईपर्यंत नजर ठेवली. लस मिळालेल्यांत इसब जास्त निघाला नाही. मेलबर्नला १,२७२ नवजात बाळांची अशीच वाटणी करून निम्म्यांना बीसीजी दिली. वर्षानं त्या गटातही इसब वाढलेला नव्हता. जर्मनीत २००३ ते २००६ दरम्यान हजारो मुलांची पाहणी झाली. न टोचलेल्यांत इसब-दमा कमी नव्हता; गोवर आणि डांग्या खोकला मात्र जास्त होता.

एक पाहणी त्यांच्या बाजूची आहे, तीही सांगते. २००३ साली डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीनंतर इसब थोडा जास्त दिसला. पण त्याच अभ्यासात तो प्रत्यक्ष गोवर झाल्यावरही जास्त दिसला होता. ही नुसती पाहणी होती, वाटणी करून केलेली चाचणी नव्हे. आणि तिच्या आधारानं लस टाळायची म्हटली, तरी गोवर तर टळत नाहीच.

या भीतीला एक जुनं मूळ आहे, आणि ते खोटं नव्हतं. माझी आजी म्हणायची, इसबाच्या पोराच्या देवी काढू नयेत. तिचं बरोबर होतं. देवीच्या लशीत जिवंत विषाणू असे. इसबानं उघड्या पडलेल्या कातडीत तो शिरला की अंगभर पसरायचा आणि जिवावर बेतायचं. टोचलेल्या भावंडाच्या फोडाशी संबंध आला तरीही. डॉक्टरही तेव्हा मना करत. पण त्या लशीनं इसब होत नव्हता. आधी असलेल्या इसबात ती घातक ठरत होती. १९८० साली जग देवीमुक्त जाहीर झालं आणि ती लस बंद झाली. आजच्या वेळापत्रकात ती नाही. इशारा उरला, त्याचं कारण विसरलं गेलं, आणि आता तोच इशारा भलत्याच सुईला चिकटवला जातो. २०१८ च्या नोव्हेंबरात गोवर-रुबेलाची मोहीम निघाली तेव्हा लस दिली की पुढं मूल होत नाही, असं कानोकानी फिरत होतं. त्याआधी पोलिओच्या थेंबांबद्दलही तेच. दरवेळी दुखणं नवं, आरोपी तोच.

सुईनं काहीच होत नाही असं मी म्हणत नाही. ताप येतो, मांडीला गाठ येते, क्वचित अंगावर दोन दिवस पुरळ येतं. पण इसब वेगळा. तो घराण्यात येतो. कातडीचा बांध धरून ठेवणारं फिलॅग्रिन नावाचं प्रथिन काहींच्या अंगात जन्मतःच कमी तयार होतं. त्या जनुकातल्या दोषाचं इसबाशी नातं २००६ साली स्पष्ट झालं. बांध फुटका असला की ओलावा बाहेर जातो आणि चिडवणाऱ्या गोष्टी आत येतात. इसब आणि दमा पुष्कळदा एकाच घरात सापडतात. त्या लेकुरवाळीला मी विचारलं, तर तिच्या नवऱ्याला लहानपणापासून दमा.

मग करायचं काय? कोमट पाणी, थोडा वेळ. अंग टिपलं की लगेच पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल, दिवसातून दोन-तीनदा. पीठ आणि धुरी बंद. वसमतच्या हळदीचा मलाही अभिमान आहे, पण पाणी सुटलेल्या चट्ट्यावर ती चोळू नये. घरातले सगळेच रात्री खाजवत असतील तर ती खरूज असू शकते, तिचं औषध वेगळं. मलम डॉक्टरांनी लिहून दिलेलंच. आणि लसी वेळेवर, कारण डांग्या खोकल्यात सर्वांत जास्त दगावतात ती तान्ही बाळंच. २०२२ च्या हिवाळ्यात गोवंडी, भिवंडी आणि मालेगावला गोवरानं काय केलं तेही आपण पाहिलंय.

त्या बाळाची राहिलेली मात्रा आताही देता येते, पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. मांडीवर चट्टा असला तर सिस्टर बाजूची चांगली जागा बघतील, एवढंच. उपकेंद्रातल्या पुढच्या सत्राला मी त्या माउलीबरोबर जाणार आहे. आशाताईंना सांगून ठेवलंय. त्या गृहस्थांनाही निरोप धाडलाय, की या, आणि त्या दिवशी रांगेत बसलेली सगळी बाळं एकदा नीट पाहून घ्या.