हारामागचा हिशेब

मैत्रिणींनो, २१ मे १९९१ ची ती रात्र आपल्यापैकी अनेकींना आठवत असेल. तामिळनाडूतल्या श्रीपेरुंबुदूरला प्रचारसभेसाठी आलेल्या राजीव गांधींना हार घालायला धनू नावाची तरुणी पुढे झाली, पाया पडायला वाकली आणि अंगावर बांधलेला बॉम्ब तिनं उडवला. राजीवजी गेले, ती गेली, आसपासची माणसं आणि बंदोबस्तावरचे पोलिसही गेले. ‘बाई असून असं कसं केलं हिनं?’ असं तेव्हा घरोघरी बोललं जात होतं.

मला वाटतं, विचारायला हवं ते वेगळंच. तिला पाठवलं कुणी आणि कशासाठी?

१९८७ मध्ये राजीव गांधींनी श्रीलंकेत शांतिसेना पाठवली. शांततेसाठी गेलेल्या सैन्याची लिट्टेशीच लढाई जुंपली आणि तिथली साधी तमिळ माणसंही त्यात होरपळली. १९९० मध्ये सैन्य परतलं, राग मात्र तिथंच राहिला. राजीव गांधी पुन्हा सत्तेवर आले तर सैन्यही परत येईल, ही लिट्टेच्या नेत्यांची भीती. लोकांचं दुःख खरं होतं, पण त्यावर हिशेब मांडला तो थंड डोक्यानं. हिशेब मांडणारे दूर राहिले, मरायला पाठवली कुणाची तरी लेक.

कटात सामील झालेली नलिनी तर इथलीच, मद्रासमध्ये नोकरी करणारी. तिनं ते युद्ध पाहिलंही नव्हतं! तिचं बाळ तुरुंगात जन्मलं. सोनिया गांधींनी रदबदली केली आणि २००० मध्ये तिची फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली. २००८ मध्ये प्रियांका वेल्लोरच्या तुरुंगात जाऊन तिला भेटल्या. २०२२ मध्ये ती सुटली, तेव्हा ऐन तारुण्यातली एकतीस वर्षं निघून गेली होती.

वस्तीत काम करताना मीही पोरापोरींचा राग बघते. बऱ्याचदा तो रास्त असतो. नोकरी नाही, कुठं अपमान झालेला. अशा वेळी कुणीतरी येऊन कानात सांगतं, ‘त्या अमक्यामुळंच हे सगळं!’ मग तो अमका माणूस राहत नाही, नुसतं एक नाव उरतं. नावावर हात उचलणं सोपं असतं, बायांनो.

म्हणून रागावलेल्या लेकराला नुसतं ‘गप्प बस’ म्हणू नका. आधी त्याचं गाऱ्हाणं पुरतं ऐकून घ्या. मग एवढंच विचारा, ‘तुला हे शिकवणारा स्वतःच्या पोराला पुढं पाठवेल का रे?’