मेलेल्या कोंबडीची साक्ष

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरचे नाव एका दिवसात जगभर पोचले. भारतातील कोंबड्यांत बर्ड फ्लू शिरल्याचे प्रथम तेथेच सिद्ध झाले. कोंबड्या त्याआधीही मरत होत्या. पण ती मर राणीखेतची, म्हणजे मानमोडीची, असा समज होता. खरे कारण भोपाळच्या प्रयोगशाळेत नमुने तपासल्यावर कळले. फेब्रुवारी २०२१ मध्ये नवापूरवर हीच आपत्ती पुन्हा ओढवली आणि लाखो पक्षी नष्ट करावे लागले.

बर्ड फ्लूचा निदान गाजावाजा तरी होतो. मरेक्स हा रोग मात्र मुकाट्याने नुकसान करतो. हंगेरीचे पशुवैद्य योझेफ मारेक यांनी १९०७ मध्ये त्याचे वर्णन केले. माणसाला नागीण होते त्याच हर्पिस कुळातील विषाणू त्याच्या मुळाशी असल्याचे १९६७ मध्ये उमगले. कोंबडी लंगडते, एक पाय पुढे व एक मागे टाकून पडते. यकृत व प्लीहेत गाठी येतात. विषाणू पिसांच्या मुळांशी वाढतो आणि कोंड्याबरोबर शेडभर पसरतो.

येथेच निदानाची कसोटी लागते. एक दिवसाच्या पिलांना दिलेली लस गाठी रोखते. संसर्ग मात्र पूर्णपणे रोखत नाही. त्यामुळे नुसता विषाणू सापडला म्हणजे रोग सिद्ध झाला, असे नव्हे. तो गाठीच्या पेशींत किती प्रमाणात आहे, लशीचा की रोगाचा, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ऊती कशा दिसतात, हे सारे पाहावे लागते. ल्युकोसिस या वेगळ्या विषाणुजन्य रोगातही अशाच गाठी येतात. केवळ नजरेने दिलेला निर्णय म्हणजे अंदाजच.

हा खर्च कोणी करावयाचा? तपासणीचे पैसे एकाने भरावेत आणि लाभ शेजारच्या दहा शेडना व्हावा, अशी ही वस्तू आहे. अशा वस्तूला बाजारात पुरेसे गिऱ्हाईक मिळत नाही. म्हणूनच ती शासनाची जबाबदारी ठरते. बर्ड फ्लूत नष्ट केलेल्या पक्ष्यांची भरपाई तिजोरीतून द्यावीच लागते. मग शवविच्छेदनाची सोय, बर्फात नमुने पाठविण्याची व्यवस्था आणि वेळेवर अहवाल यांवरील खर्च अनाठायी कसा म्हणावा?

मेलेली कोंबडी खड्ड्यात पुरण्यापूर्वी तिची साक्ष नोंदवली पाहिजे. नवापूरने या हलगर्जीपणाची किंमत दोनदा मोजली आहे. तिसऱ्यांदा मोजण्याची वेळ त्याच्यावर आणू नये.