मोटारप्रवासाचा हिशेब

ज्या अहमदनगर-पुणे मार्गावर १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली बस धावली, त्याच मार्गाने आज अहिल्यानगर जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे स्वतःच्या मोटारीने ये-जा करतात. ही सोय स्वागतार्ह आहे; परंतु तिचा खर्च आधी मांडून पाहणारे विरळाच. वास्तविक हिशेब सोपा आहे. पुण्याचे अंतर सुमारे १२० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन २४०. गाडी लिटरमागे १५ किलोमीटर धावत असेल, तर १६ लिटर पेट्रोल लागणार. मात्र हा आकडा जाहिरातीतून उचललेला नसावा; टाकी दोनदा काठोकाठ भरून तो ज्याचा त्याने काढावा.

याचे कारण असे की, जुने आकडे आता विश्वासार्ह राहिलेले नाहीत. २०२५ पर्यंत पेट्रोलात २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट सरकारने गाठले. लिटरभर इथेनॉलमधील ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश असते. या मिश्रणासाठी न बनविलेल्या जुन्या मोटारींचा पल्ला ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच होता. निव्वळ पेट्रोलवर १५ किलोमीटर देणाऱ्या अशा गाडीस वरील प्रवासात १६ ऐवजी सुमारे १७ लिटर लागतील.

इथेनॉलशी या जिल्ह्याचे वैर असण्याचे कारण नाही. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला गेला, तो याच भूमीत. उसाला आणखी एक गिऱ्हाईक मिळावे आणि देशाचे परकीय चलन वाचावे, हे दोन्ही हेतू रास्त आहेत. परंतु ग्राहकाची तूट करसवलतीने भरून काढावी, ही सूचनाही त्याच अहवालात होती. तिचे काय झाले? इथेनॉल हेच पेट्रोलपेक्षा महाग पडते, असा खुलासा सरकारने २०२५ मध्ये केला. हा खुलासा खरा मानला, तरी तो अपुरा आहे. राज्याचा कर विकल्या गेलेल्या लिटरवर मिळतो, कापलेल्या किलोमीटरवर नव्हे. गाडीने अधिक इंधन प्यायले की तिजोरीत अधिक भर पडते. महाराष्ट्राने जुलै २०२२ मध्ये पेट्रोलवरील करात लिटरमागे ५ रुपये कपात केली होती. तेव्हा इच्छा असल्यास मार्ग निघतो, हे सिद्धच आहे.

तोवर प्रवाशाच्या हाती काटकसर उरते, आणि ती क्षुल्लक नव्हे. वेग वाढला की हवेचा विरोध त्याहून झपाट्याने वाढतो. म्हणून मोकळ्या रस्त्यावरही संयमित व एकसारखा वेगच किफायतशीर. चाकांतील हवा पुरेशी असावी, टपावर ओझे नसावे, आणि वाघोली-शिक्रापूरच्या कोंडीत गाडी खोळंबली तर इंजिन बंद करावे. एकट्याने जावयाचे असेल, तर एस. टी. आहेच.

नागरिकाने थेंबाथेंबाचा हिशेब ठेवावा, हा उपदेश योग्यच आहे. मात्र उपदेश करणाऱ्या शासनानेही त्या सतराव्या लिटरचा हिशेब जनतेला दिला पाहिजे.