खाते आपले, पैसा कुणाचा?

काही दिवसांपूर्वी आमच्या ओळखीच्या एका भांड्यांच्या दुकानदाराने एक प्रश्न विचारला. कुणी एक इसम त्यांच्या दुकानात आला होता. "तुमचे करंट अकाउंट चार महिने आम्हाला वापरू द्या. पैसा येईल, पुढे जाईल, शेकडा दोन रुपये तुमचे," असा त्याचा प्रस्ताव. पैसा कसला, तर मोबाईलवर खेळल्या जाणाऱ्या पत्त्यांचा. "मी जुगार खेळत नाही, खेळवीतही नाही. नुसते खाते दिले तर काय बिघडले?" असे या भाईंचे म्हणणे.

जुगाराविषयी आपला निर्णय केव्हाच झालेला आहे. त्यावर लिहिण्याचे हे पान नव्हे. परंतु "नुसते खाते" या दोन शब्दांविषयी व्यापारी बांधवांशी बोलणे जरूर आहे. कारण ऑनलाइन पोकरचा अमेरिकेतील अब्जावधी डॉलरचा धंदा जेथे अडला आणि बुडाला ती जागा पत्त्यांची नव्हती, खात्याचीच होती.

खरे तर पहिली शंका पत्त्यांबद्दलच आली होती. प्लॅनेट पोकर या साइटवर १ जानेवारी १९९८ रोजी खऱ्या पैशांचा पहिला डाव वाटला गेला. पत्ते पिसणार संगणक. तो प्रामाणिकपणे पिसतो हे लोकांना पटावे म्हणून एएसएफ सॉफ्टवेअर या कंपनीने आपली पिसण्याची रीतच जाहीर करून टाकली. १९९९ मध्ये काही तज्ज्ञांनी ती तपासली आणि गंमत उघडकीस आली. संगणक आपल्या घड्याळातील वेळ पाहून पत्ते पिसत होता. दिवसात मिलिसेकंद असतात ८ कोटी ६४ लाख, म्हणजे पत्त्यांच्या मांडण्याही फार तर तितक्याच. घड्याळ जुळवून घेतले की त्या सुमारे २ लाखांवर येत. पाच पत्ते दिसले की उरलेले सगळे ओळखता येत! ही चूक दुरुस्त झाली. पुढे २००७ मध्ये अ‍ॅब्सोल्यूट पोकर या साइटवर आतल्या वाटेने इतरांचे झाकलेले पत्ते पाहून खेळले गेल्याचे उघड झाले. त्यातूनही धंदा तरला.

तरला नाही तो पैशाच्या वाटेवर. १३ ऑक्टोबर २००६ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी बंदरांच्या सुरक्षेच्या एका कायद्यावर सही केली. त्याच्या शेपटाला इंटरनेट जुगाराचे एक प्रकरण जोडलेले होते. त्याने खेळणाऱ्याला हात लावला नाही. बेकायदा इंटरनेट जुगारासाठी पैसा स्वीकारणे हाच त्या धंद्यावाल्यांचा गुन्हा ठरविला. लंडनच्या शेअर बाजारातील पार्टीगेमिंगने ताबडतोब अमेरिका सोडली. तिच्या शेअरचा भाव एका दिवसात निम्म्याहून खाली आला होता. पोकरस्टार्स, फुल टिल्ट आणि अ‍ॅब्सोल्यूट पोकर मात्र थांबल्या. गिऱ्हाईक तर हवे, पण बँका पैसा घेऊ देत नाहीत. मग काय करायचे?

येथेच आपल्या भांडेवाल्या भाईंकडे आलेल्या इसमासारखी माणसे लागतात. १५ एप्रिल २०११ रोजी न्यूयॉर्कमध्ये अकरा जणांविरुद्धचे आरोपपत्र खुले झाले. तेव्हा तेथील सरकारी वकील होते मूळचे पंजाबातले प्रीत भरारा. दागिने विकणारी, गोल्फचे चेंडू विकणारी शेकडो दुकाने इंटरनेटवर दाखविली होती. त्या नावांनी पत्त्यांचा पैसा वसूल होत होता आणि दुकाने अस्तित्वातच नव्हती, असा त्यात आरोप होता. युटा राज्यातील सनफर्स्ट ही एक छोटी बँक अडचणीत होती. भांडवलाच्या आशेने तिने ही वसुली अंगावर घेतली, असेही त्यात म्हटले होते. त्या बँकेच्या उपाध्यक्षांना पुढे तुरुंगवासाची शिक्षा झाली आणि २०११ च्या नोव्हेंबरात बँक बंद पडली. वसुली जुळवून देणाऱ्या एका मध्यस्थाला तीन वर्षे मिळाली. यांपैकी कुणीही पत्ता हातात धरला नव्हता. चौदा देशांतील ७५ हून अधिक खाती अडकली ती वेगळीच.

फुल टिल्टचे पुढे जे झाले ते आपल्या प्रत्येक पेढीवाल्याने वाचावे. वसुलीच्या वाटा बंद होत गेल्या, तरी गिऱ्हाईक पळू नये म्हणून कंपनी त्यांच्या नावे रकमा जमा दाखवीतच राहिली. रोकड आलीच नाही, पण खतावणीत जमा झाली! अशी न वसूल झालेली रक्कम सुमारे १३ कोटी डॉलरवर गेली. ते काल्पनिक पैसे लोक टेबलावर हरले, जिंकणाऱ्याने खरे मागितले. सरकारी फिर्यादीनुसार मार्च २०११ अखेर खेळणाऱ्यांचे देणे होते सुमारे ३९ कोटी डॉलर आणि बँकेत होते सुमारे ६ कोटी. मालक मंडळींनी २००७ पासून ४४ कोटींहून अधिक वाटून घेतले होते. डावामागे कापली जाणारी रक्कम, जिला अड्ड्यावर नाल म्हणतात, तीच फक्त त्यांची होती. बाकी सारी लोकांची अमानत. त्याच दिवशी, तसाच खटला झालेल्या पोकरस्टार्सने अमेरिकेतील गिऱ्हाइकांचे पैसे काही आठवड्यांत परत करण्यास सुरुवात केली, कारण ते बाजूला ठेवलेले होते. फुल टिल्टच्या अमेरिकी गिऱ्हाइकांना पहिली रक्कम मिळाली फेब्रुवारी २०१४ अखेर, तीही पोकरस्टार्सने सरकारशी तडजोड करून भरलेल्या रकमेतून. दोघेही पत्त्यांचेच धंदेवाले. पण हिशेबाचे वळण एकाला सावरून गेले, दुसऱ्याला बुडवून.

आता आपल्याकडे. पोकर कौशल्याचा की नशिबाचा, हा वाद आपल्या न्यायालयांत वर्षानुवर्षे चालला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर करून तो बाजूला सारला. २२ ऑगस्ट रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैसे लावून असेल तर तो चालविणे गुन्हा. खेळणाऱ्याला येथेही शिक्षा नाही. पण पैशाच्या व्यवहाराला मदत करण्यास बँकेबरोबरच "अन्य कोणत्याही व्यक्ती"लाही मनाई आहे, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. आमच्या मते या कायद्यातले आपल्या दुकानदाराने सर्वांत आधी वाचावयाचे वाक्य हेच. मोठ्या साइटचे दार बंद झाले की परदेशातून चालणाऱ्या साइटना गल्लीतले खाते लागणार, हे अमेरिकेत घडून गेले आहे.

शिवाय हिशेबाचा प्रश्न आहेच. खात्यात पन्नास लाख आले नि गेले, तर ते कागदावर आपलेच. बंगळुरूच्या भाजीवाल्या-चहावाल्यांना जुलै २०२५ मध्ये केवळ यूपीआयवर जमा झालेल्या रकमा पाहून जीएसटीच्या नोटिसा गेल्या होत्या. दोन टक्के कमावणाऱ्याने शंभर टक्क्यांचा खुलासा कसा द्यायचा? आणि दूरच्या कुण्या पोलीस ठाण्याच्या पत्रावरून खाते गोठले, तर भांड्याच्या कारखानदाराला दिलेला चेकही परत येणार आणि मजुरांचा आठवडाही अडणार.

ज्यांनी खाते, चेकबुक किंवा क्यूआर कोड आधीच देऊन टाकला असेल, त्यांनी लाज न बाळगता बँकेत लेखी कळवावे, पोच घ्यावी, वकिलाशी बोलावे आणि १९३० या क्रमांकावर नोंद करावी. उशिरा कळविलेलेही न कळविण्यापेक्षा बरे.

आमच्या भांडेवाल्या भाईंनी त्या इसमाला नकार कळविला. दोनच दिवसांनी तो त्याच गल्लीतल्या एका शिलाईवाल्याकडे बसलेला दिसला, आणि आता दर शेकडा तीनचा झाला होता.