'शीळ' आणि मेहकरचा कवी : मराठी भावगीताचे पहिले दिवस

लोणार तालुक्यातील बीबी गावाहून सुलतानपूरमार्गे निघालेला रस्ता मेहकरला पोहोचतो. या मुलुखाची ओळख सांगताना उल्कापाताने झालेले लोणारचे सरोवर, जिजाऊंचे सिंदखेडराजा, मेहकरचा बालाजी आणि अलीकडे समृद्धी महामार्ग, एवढी नावे ठरलेली असतात. मराठी भावगीताच्या पहिल्या दिवसांचा धागाही याच मुलुखातून निघतो, हे मात्र क्वचितच कोणी सांगते. बीबीच्या शाळेतील मुलांनाही ते ठाऊक असण्याची शक्यता थोडी. दोष मुलांचा नाही. हा इतिहास पुण्यामुंबईचा म्हणून सांगण्याची रीत पडून गेली आहे आणि त्या रीतीने मूळ गाव पुसले गेले आहे.

कवी नागोराव घनश्याम देशपांडे, म्हणजेच ना. घ. देशपांडे, यांचा जन्म २१ ऑगस्ट १९०९ रोजी बुलढाणा जिल्ह्यातील शेंदुर्जन येथे झाला. शिक्षणानंतर त्यांनी मेहकरला वकिली केली आणि आयुष्य तिथेच काढले. बुलढाणा तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हता. तो मध्य प्रांत व वऱ्हाडात मोडत असे. सरकारदरबाराची वाट नागपूरकडे जाई. पुण्यातले साहित्यवर्तुळ, तिथली मासिके, तिथली संमेलने हे सगळे या भागातील तरुण कवीला दुरूनच दिसत असे.

१९३० च्या दशकाच्या आरंभी त्यांची 'शीळ' ही कविता ग्रामोफोनच्या तबकडीवर आली. गायक जी. एन. जोशी. तेही विदर्भातूनच आलेले, तेही कायदा शिकलेले आणि वयाने देशपांड्यांच्या बरोबरीचे. विशी नुकतीच ओलांडलेले दोन वऱ्हाडी तरुण, एक कवितेचा आणि एक गळ्याचा. आज ज्याला छोटा, स्वतंत्र गानवृंद म्हणतात त्याच्याशी नाते सांगणारी मराठीतली आरंभीची गोष्ट शोधायची, तर ती या दोघांपाशी सापडते. मागे संस्था नव्हती, नाटक कंपनी नव्हती, संस्थानिकाचा आश्रयही नव्हता.

'शीळ' हे मराठीतील पहिले भावगीत की नाही, यावर वाद आहे. जे. एल. रानडे यांचे नाव पुढे करणारे जाणकार आहेत, कविता गाऊन दाखवण्याचे श्रेय रविकिरण मंडळाला देणारेही आहेत. दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे. १९२३ साली पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाने काव्यगायन लोकप्रिय केले, हे नाकारण्याचे कारण नाही. पहिलेपणाच्या शर्यतीत शिरून फारसे हाती लागत नाही. 'शीळ'मध्ये असे काय होते जे त्याआधी अशा रीतीने एकत्र आले नव्हते, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे.

त्यासाठी आधी यंत्राकडे पाहावे लागते. भारतात ध्वनिमुद्रणाचा आरंभ १९०२ साली गौहर जान यांच्या गाण्याने झाला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गाणाऱ्याने मोठ्या कर्ण्यात तोंड घालून, जवळजवळ ओरडून गायचे. आवाजाच्या धक्क्याने सुई हले आणि मेणात रेघ उमटे. अशा यंत्रापुढे खणखणीत, टिपेचा, रंगभूमीवर तावून निघालेला आवाजच टिके. हळुवार आवाज मेणापर्यंत पोहोचतच नसे. १९२५ च्या सुमारास पाश्चात्त्य देशांत विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण सुरू झाले आणि काही वर्षांतच ते भारतात आले. गायकाला आता शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकापर्यंत आवाज फेकण्याची गरज उरली नाही. कानाशी बोलावे तसे गाता येऊ लागले, कुजबुजही ऐकू जाऊ लागली. अमेरिकेत याच काळात मायक्रोफोनजवळ हलक्या आवाजात गाणारे गायक घराघरांत पोहोचले. महाराष्ट्रात त्याच यंत्राने नाट्यगीताच्या शेजारी एक नवी जागा मोकळी केली. नाट्यगीतात तान मोठी असे आणि शब्द तिच्यामागून चालत. नव्या जागेत शब्द पुढे आला.

दुसरी अट वेळेची. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटे मावत. बैठकीत ज्या चिजेला अर्धा तास लागे तिचे तीन मिनिटांत हाल होत. एकच भाव घेऊन आलेल्या छोट्या कवितेला मात्र तेवढा वेळ अगदी बेताचा बसे. भावगीताच्या आटोपशीरपणाचे श्रेय कवींच्या संयमाला द्यायची पद्धत आहे. त्यातला बराच वाटा तबकडीच्या व्यासाचा आहे, हे म्हटल्याने कवींचा अपमान होत नाही.

आता कविता. 'शीळ'मध्ये बोलणारी मुलगी गावातली आहे. रानातून शीळ ऐकू येते. ती ज्याची आहे त्याला वेळकाळाचे भान नाही.  शब्दांना गावाकडच्या उच्चाराचा वास आहे. प्रियकराला ती 'राया' म्हणते. हा शब्द लावणीतला. तोवर तो ढोलकीच्या तालावर, फडावर, पुरुष प्रेक्षकांकडे पाहून उच्चारला जाई. देशपांड्यांनी तो फडावरून उचलून रानात, एकट्या मुलीच्या तोंडी ठेवला. तिथे तिला पाहणारे कोणी नाही. शब्द तोच राहिला, पण त्यातला दिखाऊ शृंगार गेला आणि हुरहूर उरली. लोकगीताचा बाज आणि शहरी वाद्यमेळ यांना जोडणारे जे गाणे जगभर पुढे वेगवेगळ्या नावांनी ओळखले गेले, त्याचा मराठी अवतार या एका शब्दाच्या स्थलांतरातही दिसतो.

यावर एक आक्षेप रास्त आहे. त्या काळात 'जानपद गीत' म्हणून गावरान भाषेतल्या कवितांची लाटच आली होती आणि तिच्यातले बरेचसे लेखन शहरात बसून केलेले, धोतराला फेट्याची जोड देणारे सोंग होते. मग 'शीळ' त्याच सोंगातली नव्हे कशावरून? उत्तर कवीच्या पत्त्यात काही प्रमाणात आहे. मेहकरात राहणाऱ्या वकिलाच्या दारी पक्षकार म्हणून शेतकरीच येतो. ती बोली त्याला सहलीला जाऊन टिपावी लागत नाही. अर्थात पत्ता हा काही काव्यगुणाचा पुरावा होत नाही. खरा पुरावा असा की ती मुलगी गावाचे कौतुक करीत नाही. शेताची हिरवाई, मोटेचे पाणी, भोळी माणसे यांची यादी ती देत नाही. शहरी जानपद कवीला ही यादी दिल्याशिवाय करमत नसे.

थोडे दूर जाऊन पाहिले तर ही गोष्ट एकाकी नाही. १९९६ साली स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात 'बेल अँड सेबॅस्टियन' नावाच्या छोट्या वृंदाची पहिली तबकडी निघाली, ती स्टो कॉलेजच्या संगीतव्यवसायाच्या अभ्यासक्रमाचा भाग म्हणून. प्रती फक्त एक हजार. त्यांचा गीतकार स्टुअर्ट मर्डॉक दीर्घ आजारपणामुळे काही वर्षे घरातच अडकून होता आणि त्या काळात गाणी लिहू लागला होता. लंडनपासून दूर, हळू आवाजात, मर्यादित साधनांत केलेले ते गाणे पुढे जगभर गेले. ग्लासगोने ती आठवण नीट सांभाळली. आज त्या शहराच्या संगीताची ओळख त्या वृंदाचे नाव घेतल्याशिवाय पुरी होत नाही. मेहकर आणि ग्लासगो यांची तुलना आकाराने हास्यास्पद वाटेल. आठवण ठेवण्याच्या बाबतीत ती करायला हरकत नसावी.

कारण मेहकरच्या बाबतीत उलटे घडले. तबकडी गाजली आणि गायकाचे नाव महाराष्ट्रभर झाले. त्या काळच्या तबकड्यांवर गायकाचे नाव ठळक असे. कवीचे नाव बारीक अक्षरांत, पुष्कळदा नसेच. ज्या घरी चावीचा फोनो होता तिथे सारी आळी जमे आणि गाणे पाठ करून घरी जाई. कवी कोण, हे विचारण्याचे कोणाला कारण पडत नसे. देशपांड्यांचा पहिला संग्रह, 'शीळ' याच नावाचा, १९५४ साली निघाला. गाणे लोकांच्या ओठी बसल्यावर पुस्तक यायला दोन दशके लागली. आज पुस्तक आधी आणि गाणे मागून, असा क्रम आपण गृहीत धरतो. भावगीताच्या पहिल्या दिवसांत तो तसा नव्हता. 'अभिसार' १९६३ साली आणि त्यानंतर बावीस वर्षांनी, १९८५ साली 'खूणगाठी'. १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार 'खूणगाठी'ला मिळाला, तेव्हा कवी सत्त्याहत्तरीचे होते.

या दीर्घ मौनाला 'आडगावी राहिल्याचा तोटा' म्हणणारे समीक्षक आहेत. ते म्हणणे अर्धेच पटते. मेहकरला राहिल्याने त्यांचे नाव कमी घेतले गेले, हे खरे. पण त्यांची कविता कमी झाली ती मेहकरमुळे, असे दाखवता येत नाही. कदाचित मागणीवर लिहिण्याचा धाक नसल्यामुळेच ती स्वच्छ राहिली. उलट बाजूने, वऱ्हाडाचा अभिमान मिरवताना मुंबईला खलनायक ठरवण्यातही अर्थ नाही. एचएमव्हीची यंत्रे नसती तर 'शीळ' मेहकरच्या पंचक्रोशीतच विरून गेली असती. मुंबईने गाण्याला पाय दिले. तक्रार आहे ती एवढीच की पुढे हिशेब लिहिताना गाण्याचे गाव कोरे सोडले गेले.

जोशींची पुढची वाटचाल वेगळ्या उंचीची. १९३८ साली ते एचएमव्हीत ध्वनिमुद्रण अधिकारी झाले आणि तीन दशकांहून अधिक काळ हिंदुस्थानी संगीतातले मोठमोठे आवाज त्यांच्या देखरेखीखाली मुद्रित झाले. १९६७ साली शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही तबकडी त्यांनीच घडवून आणली. तिची कल्पना काश्मीरमधील एका मेंढपाळाचा दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत, रागांतून उभा करण्याची. परदेशांत भारतीय संगीताची गोडी अनेकांना त्या तबकडीने लावली. रानातली शीळ गाऊन पुढे आलेला माणूस पस्तीसेक वर्षांनी खोऱ्यातल्या बासरीशी येऊन पोहोचला. या योगायोगाला फार अर्थ चिकटवू नये, पण तो नजरेआडही करवत नाही.

मेहकरात कंचनीच्या महालाचे अवशेष आहेत. देशपांड्यांनी त्यावर दीर्घ कविता लिहिली आहे. महाल पाहायला येणाऱ्याला दंतकथा सांगितली जाते, कवीचे नाव सांगितले जातेच असे नाही. १० मे २००० रोजी कवी गेले. लाखेच्या जुन्या तबकड्या हातातून पडल्या की काचेसारख्या फुटतात आणि न फुटलेल्या भंगाराच्या टोपल्यांतून किलोच्या भावाने जातात. बीबी, सुलतानपूर, मेहकर, शेंदुर्जन या पट्ट्यातल्या जुन्या वाड्यांच्या माळ्यावर अजून काही असतील. २१ ऑगस्टला कवितावाचनाचा कार्यक्रम ठेवणाऱ्या एखाद्या वाचनालयाने त्या दिवशी सतरंजीवर फोनो मांडून, गायकाच्या आधी कवीचे आणि त्याच्या गावाचे नाव घेऊन, ती तीन मिनिटे वाजवून पाहावीत. खरखर फार असेल तर आवाज थोडा वाढवावा लागेल.